नट बघायला जाणाऱ्यांसाठीही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीतलं चित्रपट परीक्षण मी न चुकता वाचते. गेल्या आठवड्यात त्यात म्हटलं होतं की, आवडत्या कलाकारापुरता सिनेमा बघणाऱ्यांना हा चालून जाईल. ते मनाला लागलं. मी तशीच बघणारी आहे. छायांकन, संकलन यातलं मला फारसं कळत नाही. पोस्टरवर कोण आहे ते बघायचं आणि लालबागच्या भारतमाताला, नाहीतर दादरच्या प्लाझाला तिकीट काढायचं, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. म्हणून आम्ही डोळे मिटून बघतो असं नाही.

निळू फुल्यांचंच घ्या. 'सामना'तला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव बघून धसका घेतला होता, म्हणूनच 'सिंहासन' (१९७९) बघितला. दोन्हींचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि पटकथा तेंडुलकरांची, हे मागाहून कळलं. 'सिंहासन'मध्ये हाच माणूस दिगू टिपणीस नावाचा पत्रकार. पुढाऱ्यांच्या दारात उभा राहतो, बहुतेक वेळ नुसता ऐकतो. समोरचा मंत्री बोलत असतो आणि आपली नजर मात्र दिगूच्या चेहऱ्यावर. शेवटी तो रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा अंगावर काटा येतो. राजकारण मला त्या चेहऱ्यामुळे कळलं.

लक्ष्मीकांत बेर्डेंचा 'एक होता विदूषक' (१९९२) आठवतो का? पु. लं.ची पटकथा, पण तो चालला नाही. लक्ष्या म्हणजे धमाल, असं धरून लोक गेले आणि हिरमुसून परतले. तमाशातला सोंगाड्या मोठा नट होतो आणि आपल्याच लेकीला हसवता येत नाही म्हणून तळमळतो, हे त्यांनी काय केलंय! या माणसात हेही आहे, असं कुणीतरी आधी ठासून सांगायला हवं होतं. दिलीप प्रभावळकरांच्या बाबतीत तरी गेल्या वर्षी 'दशावतार'ला लोकांनी गर्दी केली. 'चौकट राजा'तला नंदू आणि 'झपाटलेला'तला तात्या विंचू करणारा हा नट, वयाच्या ८१व्या वर्षी दशावतारी कलावंत होऊन उभा राहतो. तिकीट काढायला एवढं कारण मला पुरतं.

आपल्या परीक्षणात मात्र दोन रकाने कथा आणि अभिनयाला एक ओळ: सर्वांनी भूमिकेला न्याय दिला आहे. कसा दिला? कुठल्या प्रसंगात? ते वाचायला तर आम्ही पान उघडतो.

दुसरं असं की, हल्ली पोस्टरवर जुन्या, नावाजलेल्या नटाचा मोठा चेहरा असतो आणि सिनेमात त्याला जेमतेम दोन प्रसंग, त्यातला एक फोनवर बोलण्याचा. चार जणांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला जाऊन येतं तेव्हा हजार रुपये पुरत नाहीत. त्या नटाला काम किती आहे, हे परीक्षणात आधीच लिहिलंत तर आमचे पैसे वाचतील आणि निर्मात्यांनाही जरा वचक बसेल.

शेवटच्या चौकटीत नायक-नायिकेबरोबर आई, शेजारी, हवालदार झालेल्यांची नावंही छापावीत, ही विनंती. कित्येकदा घरी येताना बसमध्ये आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत असतो आणि नाव कुणालाच ठाऊक नसतं.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई