खोक्यावर ‘१०० टक्के कॉपर वाइंडिंग’, आत ॲल्युमिनियम

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४ इंची, ८५० वॅट अँगल ग्राइंडरची वॉरंटी नाकारल्याबद्दल.

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरला केलेला फोन पाचवा होता. आता फोन करणार नाही, म्हणून लेखी देतो आहे.

हा ग्राइंडर मी चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात उद्यमनगरातून १,६५० रुपयांना घेतला. खोक्यावर ‘१०० टक्के कॉपर वाइंडिंग’, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेली तार पूर्ण तांब्याची, असं छापलेलं. वॉरंटी सहा महिन्यांची. गेल्या महिन्यात फ्लॅप डिस्कने गेटचे टाके घासताना मशीनचा आवाज बसला, मागच्या जाळीतून ठिणग्या यायला लागल्या, जळक्या वार्निशचा वास आला आणि मशीन बंद पडलं. मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक होते. तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने मशीन उघडलं, ‘आर्मेचर जळाले, वॉरंटी लागू नाही’ असं जॉब कार्डावर लिहिलं आणि हातात परत दिलं. आर्मेचर म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग. तो का जळाला, त्या कारणाचा रकाना कोरा.

ते कारण विचारायलाच आज फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, मशीन सलग किती वेळ चालवता? मी सांगितलं, एक इंची चौकोनी पाइप कापायला अर्धा मिनिटही लागत नाही. पुढचं माप घेईपर्यंत, गुण्या लावेपर्यंत मशीन खालीच ठेवलेलं असतं. त्यावर उत्तर मिळालं, “सर, हे घरगुती वापराचं मशीन आहे. तुम्ही वर्कशॉपमध्ये वापरलंत, म्हणून वॉरंटी नाही.” खोकं माझ्यासमोर टेबलावरच होतं. त्यावर चष्मा घातलेला कारागीर लोखंडी पाइप कापतोय असा फोटो आहे आणि खाली ‘फॅब्रिकेशन कामासाठी’ असं छापलं आहे. मी ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मला होल्डवर टाकलं. सात मिनिटांनी तोच माणूस परत आला आणि म्हणाला, “सर, सोळाशेच्या मशीनकडून तुम्ही आणखी काय अपेक्षा करता? थोडे पैसे जास्त घालून चांगलं घ्यायचं होतं.” आणि लगेच तुमचंच साडेतीन हजारांचं मॉडेल सुचवलं! ज्या कंपनीने मला फसवलं, तिच्याच खिशात आणखी पैसे घालायचे?

सोळाशेच्या मशीनकडून काय अपेक्षा करायची, हे मला चांगलं कळतं. बावीस वर्षं ग्रिल-गेटचं काम करतो आहे आणि अर्धी हत्यारं स्वस्तातलीच वापरतो. स्वस्त मशीनची केबल आखूड असणार, गिअर आवाज करणार, बेरिंग वर्षभरात बदलावं लागणार, हे धरूनच मी घेतो. घेताना स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, हाताने हलवून ढिला आहे का ते बघतो, गार्ड घट्ट बसतो का ते बघतो. माझ्याकडचा एक स्वस्त ड्रिल नऊ वर्षं चालू आहे. त्याच्या कंपनीने खोक्यावर फार काही लिहिलं नव्हतं, पण लिहिलं तेवढं आत होतं. वाइंडिंग मात्र दुकानात उघडून बघता येत नाही. तिथे खोक्यावरच्या अक्षरावरच विश्वास ठेवावा लागतो.

सर्व्हिस सेंटरने हात झटकल्यावर मी आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं. त्याने ब्लेडने तारेवरचं तांबूस इनॅमल खरवडलं. आत पांढरी तार. ॲल्युमिनियम. दोन बोटांत धरून तीन-चार वेळा वाकवली, तुटली. फिल्ड कॉइल, म्हणजे आर्मेचरभोवतीची न फिरणारी गुंडाळी, तीही तशीच. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. तेवढ्याच करंटला तार जाड हवी, आणि आर्मेचरच्या खाचेत तेवढी जागा नाही. मग लोड आला की वाइंडिंग तापणारच. माझ्या वापराने आर्मेचर जळालं असं म्हणण्याआधी तुमच्या इंजिनिअरला हे विचारा. ॲल्युमिनियम घालून १,२०० ला विकलं असतंत, तशी तार आहे असं छापलं असतंत, तर मी ठरवलं असतं घ्यायचं की नाही. तुम्ही तांबं लिहिलंत. सोळाशे रुपये मी तांब्याचे दिलेत.

मशीन जळालं त्या दिवशी ते माझ्या पोराच्या हातात होतं. ११,००० आरपीएमला चार इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. घरगुती वापराचं मशीन असेल, तर फॅब्रिकेशनवाल्याच्या हातात ते देता कशाला?

वर्कशॉपमध्ये वापरल्यामुळे मी ग्राहक उरत नाही, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) वाचा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही. माझं वर्कशॉप म्हणजे मी आणि माझा मुलगा. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आजच नोंद केली आहे.

पंधरा दिवसांत १,६५० रुपये परत द्या. बदली मशीन नको. ‘आणखी काय अपेक्षा करता’ या उत्तराबद्दल लेखी माफी हवी, आणि वॉरंटी कोणत्या कारणाने नाकारली तेही लेखी हवं. पाच फोन झाले, कारण अजून कागदावर आलेलं नाही.

आर्मेचर, फिल्ड कॉइल आणि खरवडलेली तार पिशवीत बांधून ठेवली आहे. तुमचा माणूस बघायला आला तर दाखवीन, ताब्यात देणार नाही.

सोबत : बिलाची झेरॉक्स, जॉब कार्डाची झेरॉक्स, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, तारेचा फोटो.