यादीत सात दिवस, कार्डावर दहा

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहली विभाग

विषय: पूर्व आफ्रिकेच्या ३८ दिवसांच्या सहलीसाठी घेतलेल्या ‘संपूर्ण पूर्वतयारी’ सेवेतल्या चुका आणि भरपाईची मागणी

महोदय,

६ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात युगांडा, रवांडा, केनिया आणि टांझानिया अशी सहल आम्ही पाच जणांनी आपल्या कंपनीमार्फत केली. आम्ही पाचही जण कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी. नोकऱ्या, मुलांची शिक्षणं, आईवडिलांची आजारपणं यातून सवड मिळेना, म्हणून ‘निवृत्त झालो की जाऊ’ असं म्हणत वर्षानुवर्षं पुढे ढकललेली ही सहल होती. यंदा पाचही जण मोकळे झालो. बुकिंगबरोबर आपण ‘संपूर्ण पूर्वतयारी’ ही सेवा वेगळे पैसे घेऊन देता. व्हिसा, लसी, औषधं, सामान, कागदपत्रं, सगळं तारखेनिशी सांगू, तुम्ही फक्त बॅग उचला, असं आपल्या प्रतिनिधीने आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच इतक्या लांब जायचं, चूक नको, म्हणून आम्ही पाचही जणांनी ती सेवा घेतली. माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. सहलीतले गाईड, गाड्या, मुक्काम यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ती माणसं फार चांगली होती.

आपण दिलेल्या यादीत पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लशीपुढे असं छापलं आहे: ‘निघण्याआधी सात दिवस’. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी ते शब्दशः पाळलं. ६ ऑगस्टचं विमान, म्हणून ३० जुलैला लसीकरण केंद्रात गेलो. आमचं वय बघून डॉक्टरांनी वीसेक मिनिटं प्रश्न विचारले. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर पहिल्यांदा घेताना धोका थोडा जास्त असतो, म्हणून आधी प्रकृती तपासूनच निर्णय घ्यावा लागतो, हे आम्हाला तिथे कळलं. तुमच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. तपासणी झाली, लस टोचली, आणि डॉक्टर पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, भरायला बसले. त्या कार्डावर लशीच्या तारखेशेजारी आणखी एक रकाना असतो, प्रमाणपत्र कधीपासून ग्राह्य ते लिहायचा. त्यात ९ ऑगस्ट लिहिता लिहिता त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “तुमचं विमान कधीचं आहे?” मैत्रिणीने सांगितलं, सहाचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पीतज्वराचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि युगांडात उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे हे प्रमाणपत्र मागितलं जातं. आमचा पहिला मुक्कामच युगांडा, एंटेबे विमानतळ. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे तारीख तंतोतंत पाळणारा माणूस तिथे उतरायला अपात्र ठरतो. आमच्यातले तिघे जाऊ शकले ते केवळ योगायोगाने. दोघांच्या गावी केंद्रावर आठवड्यातला ठरावीक वारच होता, म्हणून मिळेल त्या तारखेला त्यांनी बरीच आधी लस घेतली. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं माणसं जमवून लस देतात. हवी त्या दिवशी ती मिळेलच असं नाही, आणि हेही यादीत यायला हवं होतं.

तिसऱ्या मित्राची गोष्ट मुद्दाम सांगते. त्याने नोकरीच्या निमित्ताने २०११ मध्ये ही लस घेतली होती. तुमच्या यादीत ‘प्रमाणपत्राची मुदत १० वर्षं’ असं आहे, त्यामुळे आपल्या प्रतिनिधीने त्याला पुन्हा लस घ्यायला सांगितलं. तो डॉक्टरांकडे गेला तेव्हा कळलं की ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुनं कार्ड असलं तरीही. साठी ओलांडलेल्या माणसाला गरज नसलेली लस घ्यायला तुम्ही पाठवत होतात. म्हणजे ही यादी निदान २०१६ नंतर तरी कोणी जाणत्या माणसाने वाचलेली नाही, हे उघड आहे.

३० जुलैलाच, केंद्राच्या पायऱ्यांवर उभं राहून, मी आपल्या कार्यालयाला फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, काउंटरवर एवढं कोणी बघत नाही, तुम्ही बिनधास्त निघा.” त्या उत्तराचा मला आजही राग आहे. परदेशातल्या विमानतळावर आम्हाला अडवलं असतं, परत पाठवलं असतं, तर तिथे आमच्याबरोबर तुमचं कोण उभं राहणार होतं? मी लेखी उत्तर मागितलं. ते यायला चार दिवस लागले, आणि त्यात एवढंच होतं की यादीच्या तळाशी ‘प्रवाशांनी माहितीची स्वतः खातरजमा करावी’ अशी टीप आहे. खातरजमा आम्हीच करायची होती, तर आपण पैसे कशाचे घेतलेत?

गोरिलांच्या परमिटचं मी त्याच फोनवर विचारलं होतं. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायची आमची तारीख ९ ऑगस्ट होती. एका गोरिला कुटुंबाजवळ दिवसात फक्त आठ माणसांना नेतात आणि तासभरच थांबू देतात, म्हणून परमिट माणूस आणि तारीख पक्की करून निघतं. तारीख पुढे नेता येईल का, निदान विचारून तरी बघा, असं मी दोनदा म्हटलं. परत फोन आला नाही. लेखी उत्तरातही त्यावर अक्षर नाही. शेवटी आम्ही दोघींनी स्वतःच्या खर्चाने विमानाची तिकिटं ९ ऑगस्टची करून घेतली.

बाकी तिघे थांबायला तयार होते. तीन रात्री फोनवर हाच विषय चालला होता. आम्हीच त्यांना हट्टाने पाठवलं, कारण पाच जणांची परमिटं वाया घालवण्यात काही अर्थ नव्हता. पण माझ्या मैत्रिणीबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. तिचे गुडघे दुखतात. ब्विंडीत चढ उभा आहे, चिखल असतो, गोरिला कधी तासाभरात दिसतात, कधी त्यासाठी अख्खा दिवस चालावं लागतं. म्हणून ती आठ महिने रोज पहाटे उठून जिने चढत-उतरत होती. आधी दोन मजले, मग चार, मग पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन सहा. नवे बूट घरात घालून तिने मऊ करून घेतले होते. ९ तारखेला आम्ही विमानतळावर रांगेत असताना ग्रुपवर तिघांनी पाठवलेला फोटो आला. हिरव्या पाल्यात बसलेली गोरिला मादी आणि तिच्या पोटाशी बिलगलेलं पिल्लू. मैत्रिणीने फोटो पाहिला, मोबाईल माझ्या हातात दिला आणि वाकून बुटांची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

जगात डोंगरी गोरिला हजाराच्या थोडेसेच वर उरलेत. त्यातले जवळपास निम्मे या एका जंगलात आहेत. आमच्या वयाला पुन्हा कधी तिथे जाणं होईल, झालं तरी गुडघे साथ देतील का, हे मला सांगता येत नाही. आमच्या नावाची दोन परमिटं त्या दिवशी न वापरता गेली. एंटेबेहून ब्विंडीच्या बाजूच्या काबाले गावापर्यंतच्या दिवसभराच्या रस्त्यात विषुववृत्त लागतं. तिथे पाच जणांनी मिळून फोटो काढायचा, असं ठरलं होतं. तिघांनी त्यांचा काढला, आम्ही दोघींनी आमचा.

यादीतल्या बाकीच्या चुका थोडक्यात लिहिते, कारण त्या वेळीच लक्षात आल्या किंवा निभावल्या. पण लक्षात आल्या त्या आमच्या, तुमच्या नव्हे.

पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसावर ‘चारही देश’ होतात असं आपण लिहिलंत. तो व्हिसा युगांडा, रवांडा आणि केनिया या तीनच देशांचा आहे. टांझानियासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. निघायच्या तीन आठवडे आधी आमच्यातल्या एकाने सरकारी संकेतस्थळ उघडून वाचलं, म्हणून आम्हाला तो वेळेत मिळाला. शिवाय हा व्हिसा ज्या देशाने दिला त्याच देशातून पहिला प्रवेश करावा लागतो. आमच्या विमानाचा घोळ झाल्यावर आपल्या प्रतिनिधीने सुचवलं, “तुम्ही दोघी थेट किगालीला उतरून तिघांना गाठा.” किगाली रवांडात, आणि आमचा व्हिसा युगांडाने दिलेला होता. त्यांचं ऐकलं असतं तर लशीपाठोपाठ व्हिसावरही अडकलो असतो.

मलेरियाच्या गोळ्यांपुढे ‘मुक्कामाच्या दिवसांत रोज एक’ असं लिहिलं आहे. कोणती गोळी, तेही नाही. डॉक्टरांनी आम्हाला दिलेली गोळी प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची होती. दुसऱ्या एका मित्राला त्याच्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली, ती परतल्यावर चार आठवडे. घरी पोचल्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्या माणसाला नंतर मलेरिया होऊ शकतो. आमचे डॉक्टर चांगले म्हणून हे आम्हाला कळलं. ज्याने तुमच्या कागदावर विश्वास ठेवून गोळ्या मोजून घेतल्या असतील, त्याचं काय?

आपण भेट म्हणून प्रत्येकाला टणक कवचाची ट्रॉली बॅग दिलीत, आणि यादीत ‘हीच बॅग वापरावी’ असंही लिहिलंत. मसाई माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत मऊ बॅगच लागते, आणि हातातलं सामान धरून वजन १५ किलोपर्यंत. हे विमान आपणच बुक केलं होतं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावर आम्ही पाच जण फरशीवर बसून ट्रॉल्या रिकाम्या करत होतो. दुर्बिणी, औषधं, स्वेटर, सगळं कापडी पिशव्यांत कोंबलं आणि रिकाम्या ट्रॉल्या हॉटेलवर परत पाठवल्या. साठीच्या पुढच्या माणसांना असं सगळ्यांदेखत सामान पसरून बसावं लागणं बरं वाटत नाही.

आणि कपडे गुंडाळायला आपल्या किटमध्ये आलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या. रवांडात त्यांच्यावर २००८ पासून बंदी आहे, केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून. आमच्या चारपैकी निदान तीन देशांत ज्या वस्तूला बंदी, ती कंपनीने स्वतः आमच्या हातात दिली. रवांडाच्या सीमेवर अधिकाऱ्याने नीट समजावून त्या काढून घेतल्या, दंड केला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. माझी मात्र मान खाली गेली. पाहुणे म्हणून जायचं आणि यजमानाचा नियम दारातच मोडायचा, हे आम्हाला शोभणारं नव्हतं.

आमचं म्हणणं असं आहे. पूर्वतयारीचं पूर्ण शुल्क पाचही जणांना परत मिळावं, कारण ती सेवा आम्हाला मिळालीच नाही. आम्हा दोघींची न वापरलेली परमिटं, तिकिटं बदलण्याचा खर्च आणि एंटेबे ते काबाले वेगळ्या गाडीचं भाडं आपण भरून द्यावं. फोनवर ‘बिनधास्त निघा’ असं सांगितलं गेलं, त्याबद्दल माझ्या मैत्रिणीची लेखी माफी मागावी, कंपनीच्या नावाने आणि जबाबदार माणसाच्या सहीनिशी. आणि ही यादी आज ज्या ज्या प्रवाशाच्या हातात आहे, त्या प्रत्येकाला दुरुस्त यादी पाठवून तसं आम्हाला कळवावं. पैशांचं एकवेळ दोन आठवडे उशिरा झालं तरी चालेल, पण हे काम या आठवड्यात व्हायला हवं. आपल्या जाहिरातीत डिसेंबरची युगांडा सहल दिसते. त्या लोकांच्या हातात आमचीच यादी असेल, तर त्यातलं कोणीतरी आत्ताच कॅलेंडरवर सात दिवस मोजत बसलं असेल.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास आम्ही पाचही जण ग्राहक न्यायालयात जाऊ. सगळी कागदपत्रं आम्ही जपून ठेवली आहेत.

सोबत जोडलेले कागद: आपली छापील पूर्वतयारी यादी, शुल्काच्या पाच पावत्या, दोन पिवळ्या कार्डांच्या प्रती (९ ऑगस्ट ही तारीख लाल पेन्सिलीने दाखवली आहे), न वापरलेली दोन परमिटं, बदललेल्या तिकिटांची आणि गाडीची बिलं, आपलं ३ ऑगस्टचं लेखी उत्तर.

पाचही प्रवाशांच्या वतीने,
आपली एक ग्राहक