रेझिनचे कोस्टर शिकवा, पण ग्लोव्ह्जचंही सांगा

संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दिवाळीसाठी घरच्या घरी रेझिन कोस्टर, म्हणजे दोन द्रव मिसळून गोठवलेल्या प्लास्टिकच्या पेल्याखाली ठेवायच्या चकत्या, करायची कृती वाचली. फोटो झकास होते, झेंडूच्या पाकळ्या काय, सोनेरी वर्ख काय, बघून कोणालाही वाटेल की आजच सामान मागवावं. पण मी गेल्या दिवाळीला हा उद्योग केलाय, अक्षरशः अंगावर काढलाय म्हणा ना, आणि तुमच्या कृतीत जे नाहीये तेच नेमकं मलाही तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी मी दोन तासांचं एक वर्कशॉप केलं होतं. एसी हॉल, खिडक्या बंद, पंधराएक बायका, त्यातल्या तिघी-चौघींची पोरं पण सोबत, आणि ग्लोव्ह्ज एकीच्याही हातात नाहीत. हाताला लागलं तर थिनरने पुसा असं शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, आम्ही पुसलं. तेव्हा काही झालं नाही, घरी येऊन दोन-तीनदा केलं तरी काही नाही, आणि चौथ्या वेळी बोटांच्या बेचक्यात जी खाज सुटली ती मनगटापर्यंत लाल चट्टे आणि बारीक पाण्याचे फोड. आई म्हणाली उटणं बाधलं असेल. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघून पहिलाच प्रश्न विचारला, घरात कसलं केमिकलचं काम करता का? ही ॲलर्जी बहुतेक वेळा अशीच येते म्हणे, पहिल्याच दिवशी नाही, शरीर हळूहळू ती वस्तू ओळखायला लागतं आणि एकदा ओळखलं की सहसा विसरत नाही. आता तुटलेली कपबशी जोडायला ॲराल्डाइट मिसळायचं म्हटलं तरी मला विचार करावा लागतो, कारण ते पण या रेझिनच्याच घराण्यातलं, इपॉक्सीच. थिनर तर अजिबात लावू नये, कातडीवरचं तेल निघून जातं आणि रेझिनला आत शिरायला रस्ता मोकळा. साबण आणि पाणी पुरे. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, घ्यायचे, खिडक्या सताड उघड्या, पोरं दुसऱ्या खोलीत. आणि पॉलिशपेपरने कडा घासताना जी भुकटी उडते तिच्यासाठी मास्क, नाहीतर सरळ ओलं करून घासायचं. एवढं लिहायला किती जागा लागते?

दुसरं, मापाचं. कृतीत रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण नुसतं "दोनास एक" लिहिलंय. कशाने, वजनाने की मापाच्या ग्लासाने? रेझिन जड असतं, हार्डनर त्यापेक्षा हलका, त्यामुळे दोन्हीचा हिशोब वेगळा येतो, आणि काही कंपन्यांचं तीनास एक असतं तर काहींचं निम्मं-निम्मं, तेव्हा आपल्या बाटलीवर काय छापलंय ते बघा हेच खरं उत्तर आहे. माझी जाऊबाई म्हणाली हार्डनर थोडा जास्त घाल म्हणजे लवकर सुकेल, तसं काही होत नाही, उरलेला हार्डनर तसाच आत राहतो आणि कोस्टर जन्मभर चिकट. चार इंची कोस्टरला साधारण 70 ग्रॅम माल लागतो, मी उत्साहात एकदम अर्धा किलो कालवला आणि उरलेला श्रीखंडाच्या डब्यात ठेवून फोन घ्यायला गेले. परत येऊन बघते तर डबा वाकलेला, पांढरा धूर आणि हात लावू नये इतका गरम! जास्त माल एका ठिकाणी साठला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो, पसरट मोल्डमध्ये ओतला की एवढा तापत नाही. सांडशीत धरून गॅलरीत नेऊन ठेवला.

पाकळ्या तर मी पूजेच्या हारातल्या ताज्याच घातल्या, दोन आठवड्यांत सगळ्या चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी. फूल आधी सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, नाहीतर रद्दीत दाबून कडकडीत वाळवावं लागतं, हे नंतर कळलं.

आणि खरी फजिती भाऊबीजेला. कोस्टर मी आदल्या दिवशीच मोल्डमधून काढले होते, वरून काचेसारखे कडक. मामांना चहा लागतो स्टीलच्या पेल्यात आणि उकळता, त्यांनी पेला उचलला तर कोस्टर पण सोबत वर, अर्ध्यात सुटला आणि खाली फरशीवर, वर पेल्याच्या बुडाचं गोल वर्तुळ छापलेलं, त्यातल्या शुभ दीपावलीतला "भ" गेला तो गेलाच. चोवीस तासांत मोल्डमधून निघतो म्हणजे तयार झाला असं नाही, पूर्ण पक्का व्हायला आठवडा तरी धरावा. आणि पक्का झाला तरी साधं रेझिन पन्नास-साठ डिग्रीला मऊ पडायला लागतं, चहा त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणून दसऱ्यालाच ओतून ठेवा, आणि सरबताच्या ग्लासाखाली वापरा. चहासाठीच हवे असतील तर जास्त उष्णता सोसणारं रेझिन वेगळं मिळतं, महाग असतं पण मिळतं.

तुमच्या त्याच पानावर रेझिनच्या कमळात मेणाची पणती पेटवलेली दाखवलीय, ते मात्र कृपा करून छापू नका, रेझिन पेट घेतं. आणि वर मथळ्यात "इको-फ्रेंडली"! आत वाळलेलं फूल आहे म्हणून? फूल कुजलं असतं, आता ते कुजणार नाही एवढाच फरक पडला. हे प्लास्टिकच आहे, तेही पुन्हा वितळवून दुसरं काही करता न येणारं. हल्ली लग्नाच्या वरमाला पण अशा गोठवून ठेवतात, हौस आहे, असू दे, पण मग तिला हौसच म्हणा. उरलेलं रेझिन सिंकमध्ये ओतू नये, डब्यातच घट्ट होऊ द्यावं आणि मग टाकावं, हे पण कुठे दिसलं नाही.

मी हा छंद सोडलेला नाही, हातभर ग्लोव्ह्ज घालून गॅलरीत बसून करते, घरचे मला सर्जन म्हणतात. कोणी करू नये असं माझं म्हणणं नाहीये. दसऱ्याला अजून दोन रविवार आहेत, त्यातल्या एकात याच जागी चार ओळींची चौकट टाका. "भ" गेलेला कोस्टर मी ठेवलाय, फोटो हवा असेल तर पाठवते.

आपली नेहमीची वाचक,
डोंबिवली (पूर्व)