फॉन नॉयमनच्या प्रूफमधली फट ग्रेटे हर्मानने १९३५ मध्येच दाखवली होती

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. क्वांटम फिजिक्सच्या शंभर वर्षांवरचा लेख तुमच्या रविवार पुरवणीत वाचला. इतका अवघड विषय मराठीत मांडायला कुणीतरी बसलं याचाच आनंद झाला. पण त्यात एक वाक्य असं आहे की १९३२ साली फॉन नॉयमन या गणितज्ञाने गणिताने सिद्धच केलं की क्वांटमच्या मागे कुठलंही क्लासिकल, म्हणजे उत्तरं आधीच ठरलेली मानणारं, स्पष्टीकरण असू शकत नाही, आणि विषय तिथे संपला. आणि त्याच पुरवणीत एका वाचकाचं पत्र आहे, की अमूर्त विचार हा पुरुषांचा प्रांत हे ॲरिस्टॉटलपासून कांटपर्यंत सगळ्या तत्त्वज्ञांनी सांगून ठेवलंय, म्हणूनच क्वांटमच्या यादीत बायका दिसत नाहीत. मला दोन्हींवर एकदमच लिहायचंय, कारण दोन्हीचं उत्तर एकाच बाईच्या कामात सापडतं आणि तिचं नाव लेखात कुठेच नाही.

तिचं नाव ग्रेटे हर्मान. जन्म १९०१, जर्मनीतलं ब्रेमेन. गटिंगेनला एमी नोएदरच्या हाताखाली गणितात डॉक्टरेट केली आणि मग लेओनार्ड नेल्सन या कांटच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञाबरोबर काम केलं. कांटच्या मते प्रत्येक घटनेला कारण असतंच, ते गृहीत धरल्याशिवाय अनुभवच शक्य नाही. आणि इकडे क्वांटम थिअरी उभी करणाऱ्या हायझेनबर्गची मंडळी म्हणत होती की रेडिओॲक्टिव्ह अणू नेमका आत्ताच का फुटला याला कारण नाही, फक्त शक्यता सांगता येते. हर्मानला हे पटेना, म्हणून ती १९३४ मध्ये लाइपझिगला हायझेनबर्गकडेच गेली, त्याच्याशी आणि वाइझसेकर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी वाद घातला, फिजिक्स नीट शिकून घेतलं. हायझेनबर्गने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात या चर्चेवर अख्खं प्रकरण लिहिलंय. १९३५ मध्ये तिचा मोठा निबंध छापून आला आणि त्यातल्या एका छोट्या भागात फॉन नॉयमनच्या प्रूफवर बोट ठेवलेलं आहे.

मुद्दा काय होता ते सांगते, कारण कॉलेजातसुद्धा हा कुणी समजावून सांगत नाही. समजा इलेक्ट्रॉनच्या आत काही छुपी माहिती आहे, आपल्याला न दिसणारी, आणि मेजरमेंटला काय उत्तर येणार ते तिनेच ठरतं. असं असू शकतं का? फॉन नॉयमन म्हणाला नाही. पण त्याने एक अट धरली होती, की दोन राशींच्या बेरजेची सरासरी ही त्यांच्या सरासऱ्यांची बेरीजच असली पाहिजे, त्या दोन राशी एकत्र मोजता येत नसल्या तरीसुद्धा, आणि छुपी माहिती धरून केलेल्या वर्णनातसुद्धा. आता पुढे जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने वापरलेलं स्पिनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका अंगभूत गुणाचं, उदाहरण घ्या. योग्य एककात मोजलं तर एका दिशेला स्पिन अधिक एक किंवा उणे एक येतो, काटकोनातल्या दिशेलाही तसंच. छुप्या माहितीने दोन्ही आधीच ठरलेले असतील तर बेरीज दोन, शून्य किंवा उणे दोन. पण त्या बेरजेची राशी प्रत्यक्ष मोजायची तर चुंबक मधल्या तिरक्या दिशेला वळवावा लागतो आणि त्या बेरजेचं उत्तर येतं साधारण १.४१ किंवा उणे १.४१. जमणारच नाही! म्हणजे ती अट घातली की छुपी माहिती बाद होणार हे आधीच ठरलेलं. पण तिरक्या दिशेचं मोजमाप हा वेगळाच प्रयोग आहे, तिथलं उत्तर बाकीच्या दोघांची बेरीज असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? सरासऱ्यांच्या बाबतीत क्वांटमचं गणित तसं सांगतं, एकेका इलेक्ट्रॉनच्या बाबतीत नाही. हर्मानचं म्हणणं हेच, की जे सिद्ध करायचंय ते त्या अटीतच घुसवून ठेवलंय.

आणि हे कुणी ऐकलं नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष तशी, छुप्या माहितीची, थिअरी मांडली, कणाला ठरलेली जागा आहे आणि एक लाट त्याला वाट दाखवते, उत्तरं मात्र नेहमीच्या क्वांटमसारखीच. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दब्रॉयने १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेत, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत, तसंच काही सुचवलं होतं. मग १९६६ मध्ये बेलचा पेपर आला आणि फॉन नॉयमनच्या प्रूफमधली फट दाखवल्याचं श्रेय सगळीकडे बेलच्या नावाने सांगितलं जाऊ लागलं. हर्मानची टीका लोकांपुढे नीट आली ती १९७४ मध्ये, मॅक्स यामरच्या इतिहासाच्या पुस्तकातून.

आता ती बाई होती एवढ्याच कारणाने हे झालं असं मी म्हणणार नाही. निबंध तत्त्वज्ञांच्या छोट्या नियतकालिकात आला, फिजिक्सवाले वाचायचे त्या जर्नलमध्ये जो संक्षेप छापला त्यात नेमका हा भाग नव्हता, आणि ती स्वतः नाझींच्या विरोधातल्या समाजवादी गटात असल्यामुळे तिला देश सोडून डेन्मार्क आणि मग इंग्लंड गाठावं लागलं. फॉन नॉयमनला इतकंच म्हणायचं नव्हतं, त्याचा दावा मर्यादित होता असं सांगणारे अभ्यासकही आज आहेत. पण तीसेक वर्षं एका मोठ्या नावाचं प्रूफ तपासल्याशिवाय दाखला म्हणून फिरत राहिलं आणि ज्या बाईने तपासलं तिला कुणी विचारलं नाही, हे खरंच आहे ना.

आता त्या वाचकाच्या पत्राकडे येते. कांटने १७६४ मध्ये लिहिलं की मेकॅनिक्सवर वाद घालणाऱ्या मार्कीज द्यु शातलेसारख्या बाईने दाढीच ठेवावी. ही बाई कोण, तर न्यूटनच्या प्रिन्सिपियाचं फ्रेंच भाषांतर करणारी, गतिमान वस्तूचं बळ वेगाच्या प्रमाणात की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात या वादात छापील उत्तर देणारी. आणि कांटच्या पहिल्याच पुस्तकात, जे याच वादावर आहे, तिची दखल घेतलेली आहे! म्हणजे तिचं काम माहीत असूनही. ॲरिस्टॉटल तर म्हणाला बाईकडे विचार करायची शक्ती आहे पण तिला अधिकार नाही. अधिकार कुणी काढून घेतला ते तो सांगत नाही. खुद्द नोएदरला १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी गटिंगेनला बोलावलं तेव्हा प्राध्यापकांच्या मंडळाने तिला शिकवायचा हक्क नाकारला, तिचे क्लास हिल्बर्टच्या नावाने लागायचे, हक्क मिळाला तो १९१९ मध्ये, तोवर निसर्गनियमांतली सममिती आणि ऊर्जेसारख्या न बदलणाऱ्या राशी यांचं नातं सांगणारं तिचं ते प्रमेय जगासमोर येऊन गेलं होतं ज्याच्यावर आजचं निम्मं फिजिक्स उभं आहे. आपल्याकडे कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगलोरच्या सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत म्हणून अटी घालून घेतलं, आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनीच मिळवली. विहिरीत उतरूच द्यायचं नाही आणि हिला पोहता येत नाही असं म्हणायचं, मग त्यालाच निसर्ग म्हणायचं. १८६९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने हेच लिहिलं, की ज्याला बायकांचा स्वभाव म्हणता तो घडवलेला आहे, वेगळ्या परिस्थितीत बघितल्याशिवाय खरा स्वभाव कळणार कसा. इथेही निष्कर्ष गृहीतकातच बसलाय, हर्मानने दाखवला तसाच.

कुणी म्हणेल मग काय, स्त्रीपुरुषांत काही फरकच नाही आणि क्लासिकल स्पष्टीकरणच खरं? नाही, असं मी म्हणत नाहीये. हर्मान स्वतः छुप्या माहितीच्या बाजूची नव्हतीच. तिच्या मते मेजरमेंट झाल्यावर मागे वळून बघितलं की कारणांची साखळी पूर्ण सापडते, फक्त तिच्यावरून आधी भाकीत करता येत नाही, म्हणजे कारण असणं आणि आधी सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. आणि बेलच्या १९६४ च्या प्रमेयाने, मग क्लाउझर, ॲस्पे, त्साइलिंगर यांच्या प्रयोगांनी, ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं, हे दाखवलंच की दूरवर लगेच परिणाम न मानणारं छुप्या माहितीचं स्पष्टीकरण निसर्गाशी जुळत नाही. पण तो निकाल लागला तो प्रश्न नीट विचारला म्हणून, दार बंद केलं म्हणून नाही. मेंदूतल्या फरकांचंही तसंच आहे, मोजा, पण आधी सगळ्यांना आत येऊ द्या.

माझी विनंती एवढीच, की लेखमालेच्या पुढच्या भागात ते १९३२ चं वाक्य दुरुस्त करून हर्मानचं नाव छापावं. आणि बेलचं प्रमेय तपासणाऱ्या प्रयोगांवर लिहाल तेव्हा सुरुवात १९५० पासून करा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चिएन-शिउंग वू या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी सहकारी शाकनोव्हबरोबर एकमेकांशी जोडलेल्या गॅमा किरणांच्या जोड्या मोजल्या होत्या, तोही भाग बहुतेक मराठी लेखांत सुटतो.

आपली,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षिका, सांगली