शेंग दिसली म्हणजे नत्र मिळालं असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर मध्यंतरी नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या झाडांवर लेख आला होता, चांगला होता, पण वाचून दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहायला बसलो. एक तर शेंगा येणारी सगळी झाडं त्यात एकाच माळेत ओवली होती, गुलमोहर पण आणि बहावा पण. आणि दुसरं म्हणजे झाड लावलं की नत्र आपोआप जमिनीत जाणार असा एकंदर सूर होता. तसं होत नाही हो.

आधी पहिली गोष्ट. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला ते तसंच्या तसं खाता येत नाही, मुळावरच्या गाठीत राहणारे जिवाणू ते झाडाला खाता येईल असं करून देतात. आता शेंगवर्गातल्या सगळ्याच झाडांना या गाठी येत नाहीत. गुलमोहर, बहावा, चिंच, कांचन, काशिद यांना शेंगा लागतात पण मुळावर गाठी नसतात. ही झाडं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पाला देतात, सावली देतात, पण हवेतलं नत्र नाही देत. ते देणारी म्हणजे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), शेवरी, हादगा, पांगारा, शिरीष, करंज, बाभूळ, सुबाभूळ ही मंडळी. आणि गंमत बघा, सुरूचा शेंगवर्गाशी काही संबंध नाही तरी तो नत्र धरतो, त्याच्या मुळात फ्रँकिया नावाचा वेगळाच जिवाणू असतो.

आता यादीत नाव आहे म्हणून झाड काम करतंयच असंही नाही, ते मूळ बघूनच कळतं. जमीन ओली असताना एखादं रोप मातीसकट खणून काढायचं, ओढायचं नाही, ओढलं की गाठी मातीतच राहतात, मग बादलीत हळूच धुवायचं आणि बारीक मुळांवरची गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर काम चालू आहे (आपल्या रक्तासारखंच लोह असलेलं द्रव्य असतं त्यात), हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली आणि पांढरी असेल तर एकतर कोवळी नाहीतर नुसतीच बसून खाणारी. त्या जमिनीत योग्य जिवाणू नसेल तर रोपाला कल्चर (त्या जिवाणूंचं तयार मिश्रण) लावावं लागतं. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असलं तरी गाठी धड होत नाहीत. आणि जवळ युरिया टाकत राहिलात तर झाड गाठी करायचा त्रासच घेत नाही, कारण त्या जिवाणूंना पोसायला त्याला स्वतःची साखर द्यावी लागते, आयतं मिळत असताना कोण देईल.

यात मी स्वतः सपशेल फसलोय ते पण सांगतो. शेवरीचं रोप उपटलं, मूळ गाठींनी भरलेलं, मी खुश, दोन-चार लोकांना बोलावून दाखवलं आणि पुढच्या हंगामात त्याच पट्ट्यात टोमॅटो लावला. टोमॅटो खुजा राहिला, दुपारी माना टाकायला लागला, उपटून बघतो तर त्याच्याही मुळांना गाठी! टोमॅटोला कुठून येणार नत्राच्या गाठी? त्या सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या) होत्या आणि शेवरी त्यांना मस्त पोसते हे मला नंतर कळलं. फरक ओळखायला सोपा आहे, नत्राची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि नखाने सुटते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर एक हंगाम वाचला असता.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते खरी गोम इथेच आहे. गाठीत तयार झालेलं नत्र झाड स्वतःच्या पानात, फांदीत नेऊन ठेवतं. जिवंत मुळातून शेजारच्या पिकाला मिळतं ते थोडंच. पाला गळला, मुळं कुजली की मगच ते जमिनीत येतं आणि त्याला वेग द्यायचा तर कोयता लागतो. बांधावर गिरिपुष्प लावून पाच वर्षं नुसतं वाढू दिलं तर पिकाला मिळते मुख्यतः सावली, आणि वर मुळं पाणी ओढतात ते वेगळंच. साधारण वर्षभराने पहिल्यांदा कमरेएवढं ठेवून छाटायचं, पुढे फुटवा आला की परत, आणि कापलेला पाला पेरणीच्या आसपासच मातीत जायला हवा कारण गिरिपुष्पाचा पाला फार लवकर कुजतो, महिनाभर आधी टाकून ठेवलात आणि पाऊस झाला तर नत्र धुऊन जातं.

हिशोब पण सांगतो म्हणजे उगाच स्वप्नं नकोत. गिरिपुष्पाच्या वाळलेल्या पाल्यात साधारण ३ टक्के नत्र धरा, ओल्या पाल्यात बहुतेक पाणीच, म्हणजे १०० किलो ओल्या पाल्यातून पाऊण किलोच्या आसपास. ५० किलो युरियात २३ किलो नत्र असतं, तेवढ्यासाठी ओला पाला ३ टन लागेल. तो कापणार कोण, वाहणार कोण? म्हणून झाडं लांब कुठेतरी एका कोपऱ्यात न लावता पिकाच्या ओळींजवळ हवीत. पाल्याबरोबर सेंद्रिय पदार्थ जातो, पोत सुधारतो, ते युरियाने होत नाही हे खरंच आहे, पण जिथे पाऊस कमी तिथे दाट ओळी लावल्या तर झाड आणि पीक पाण्यासाठी भांडतात. तिथे झाडं विरळ बरी. आफ्रिकेत साहेलमध्ये (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) फैदरबिया नावाचं बाभळीच्या जातकुळीतलं झाड आहे, ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसात हिरवं होतं, त्यामुळे खाली पीक उभं असताना सावली जवळपास नसतेच. असं शहाणं झाड विरळाच.

सुबाभळीलाही हाच कोयता लागतो. तिच्या शेंगा पिकू दिल्या की बी सगळीकडे पसरतं, जगातल्या १०० सर्वात त्रासदायक पसरणाऱ्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, पण फुलावर असतानाच छाटली तर बीच धरत नाही. पाल्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं म्हणून जनावरांना नुसत्या सुबाभळीवर ठेवू नये, दुसऱ्या चाऱ्यात थोडी मिसळून द्यावी.

तर साहेब विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक झाडापुढे गाठी येतात की नाही आणि कधी छाटायचं हे दोन रकाने वाढवा, आणि जागा उरली तर नखाने फोडलेल्या गुलाबी गाठीचा एक रंगीत फोटो टाका, शेजारी सूत्रकृमीच्या मुळाचा पण.

आपला,
एक नियमित वाचक