तेंगानानला निघण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

बालीतल्या तीन आठवड्यांपैकी चार दिवस तू तेंगानानसाठी राखून ठेवलेस, हे फार बरं केलंस. बहुतेक लोक तिथे दीड तास फिरतात, एक टोपली घेतात आणि संध्याकाळी समुद्रावर परततात. तुला तिथल्या गेरिंगसिंग कापडाचा माग बघायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर सांगायला लागलं की निम्मं राहून जातं.

पत्ता लिहिताना गावाचं नाव पूर्ण लिही: तेंगानान पेग्रिंगसिंगान. शेजारीच तेंगानान दाउह तुकाद नावाचं दुसरं गाव आहे. दाउह तुकाद म्हणजे ओढ्याच्या पश्चिमेचं. अर्धवट नाव सांगितलंस तर गाडीवाला तिथे उतरवायचा. आपलं गाव पूर्व बालीतल्या कारांगासेम जिल्ह्यात आहे. देनपासारहून साधारण 65 किलोमीटर, आणि किनाऱ्यावरच्या चांदिदासाजवळ मोठा रस्ता सोडला की डोंगराच्या बाजूला तीन-चार किलोमीटर आत. रस्ता वेशीपाशी संपतो. गाडी बाहेर ठेवायची, वेशीवर देणगी द्यायची आणि पुढे पायी.

आत गेल्यावर लगेच विणकराचं घर शोधू नकोस. आधी गावाची आखणी बघ. चारी बाजूंनी भिंत आहे आणि चार दिशांना वेशी. दक्षिणोत्तर तीन रुंद गल्ल्या आहेत आणि त्या डोंगराकडे पायरी-पायरीने चढत जातात. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर दगडी उतार. पावसाचं पाणी एकदम घरांत न घुसता टप्प्याटप्प्याने खाली उतरतं ते त्यामुळेच. घरं रांगेने एकमेकांना चिकटून, रस्त्याच्या बाजूला फक्त अरुंद दार आणि उंच पायऱ्या. दक्षिणेकडे बाले आगुंग ही लांबच लांब सभेची ओसरी दिसेल. ती गावाची पंचायत. गल्ल्यांतून म्हशी मोकळ्या हिंडतात. विधींसाठी लागतात म्हणून पाळलेल्या आहेत. त्यांना हाकलायला जाऊ नकोस, तूच बाजूला हो.

पूर्वेकडची आळी बांजार पांदे. गावाबाहेर लग्न केलेल्यांना किंवा रीत मोडलेल्यांना राहायला तीच जागा. लग्न गावातच व्हावं हा तिथला दंडक. तो तुला खटकेल, मलाही खटकतो. मात्र तिथेच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा-मुलगी समान वाटेकरी आहेत, आणि जातीची उतरंड नाही. दोन्ही गोष्टी वहीत शेजारी-शेजारी लिही.

बालीतले बहुतेक लोक हिंदू, हे तुला ठाऊक आहे. ही मंडळी स्वतःला बाली आगा म्हणवतात, म्हणजे मजापाहित साम्राज्याच्या काळात जावाहून आलेल्यांच्या आधीची. त्यांचा मुख्य देव इंद्र. मृताला दहन न करता पुरतात, हे उरलेल्या बालीपेक्षा वेगळं. गावाच्या जन्मकथेत तुला ओळखीचा घोडा भेटेल: समुद्रमंथनातला उच्चैःश्रवा. राजाचा यज्ञाचा घोडा हरवला आणि शोधायला गेलेल्यांना तो मेलेला सापडला. राजा म्हणाला, कलेवराचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. सीमा ठरवायला आलेला सरदार मैलोन् मैल चालला तरी वास काही हटेना, कारण गावकऱ्यांच्या मुख्याने सडक्या मांसाचा तुकडा कपड्यात लपवला होता. गावाकडे आज सुमारे 900 हेक्टर जमीन आहे. तिचा मोठा भाग डोंगरावरचं जंगल. शेतं आहेत, पण बहुतेक शेजारच्या गावचे वाटेकरी कसतात.

कापडाची सुरुवात या जंगलातूनच होते. गावाचे लेखी नियम आहेत, त्यांना आविग-आविग म्हणतात. जुनी पोथी 1841 साली आगीत जळाली, मग पुन्हा लिहून घेतली. त्यात जमीन बाहेरच्याला विकायला आणि गहाण टाकायला बंदी आहे. जिवंत झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही. आणि एक कलम फार शहाणपणाचं: दुरियान, पांगी, तेहेप आणि केमिरी या झाडांची फळं तोडायची नाहीत, अगदी मालकानेसुद्धा. पिकून खाली पडतील तेव्हा ज्याला सापडतील त्याची. यातलं केमिरी म्हणजे आपण ज्याला रानअक्रोड म्हणतो ते. फळ आपोआप पडलं म्हणजे ते पूर्ण भरलं, हे सांगायला आणखी कुणी लागत नाही. कच्च्या बीत तेल कुठलं? गेरिंगसिंगच्या सुताला हेच तेल लागतं.

आता सूत. गेरिंगसिंग पूर्ण सुती असतं, गुजरातच्या पाटोळ्यासारखं रेशमी नाही. चांगल्या कापडाला हातसुताईचंच सूत वापरतात आणि ते समोरच्या नुसा पेनिदा बेटावरून येत आलं आहे. सूत केमिरीच्या तेलात आणि लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजत घालतात, किमान 42 दिवस. हा आकडा कसा आला ते बघ: बाली महिना 35 दिवसांचा, त्यावर एक आठवडा. बाळंतिणीचा आणि बाळाचा विधीही तिथे 42 व्या दिवशीच होतो. आपल्याकडचा सव्वा महिना आठव.

हे भिजवणं वाया घालवलेला वेळ नव्हे. कापसाला मुळांचा लाल रंग सहजी धरत नाही. तेल आणि खार मिळून धाग्यात मुरले की रंगाला पकड मिळते, आणि धाग्याला फिकट पिवळसर छटा येते. गेरिंगसिंगमध्ये तुला पांढरं दिसेल ते खरं तर हेच पिवळट. तेलाचे दिवस कमी केले की लाल वरवर बसतो आणि पुढे विटतो.

मग ताणा आणि बाणा दोन्ही वेगवेगळ्या चौकटींवर घेऊन नक्षीप्रमाणे बांधतात. पूर्वी ताडपत्राच्या पट्ट्यांनी बांधत, आता प्लॅस्टिकची फीतही दिसेल. क्रम नीट लक्षात ठेव. पहिल्या फेरीत जिथे निळा हवा तेवढंच उघडं ठेवायचं आणि बाकी सगळं झाकायचं. ही रंगाई गावात होत नाही, रिवाजाने निळीचं काम वर्ज्य. सूत जवळच्या बुगबुग गावी जातं. तिथून परतलं की लाल हवा त्या जागांच्या गाठी सोडतात आणि मुळांच्या सालीचा लाल चढवतात. ही मुळं मोरिंडाची, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या कुळातली. विदर्भात ज्याला आल म्हणत त्याचंच भावंड. सोबत केपुंडुंग झाडाची साल. लालाचे अनेक पुट द्यावे लागतात आणि मध्ये वाळवून मुरू द्यावं लागतं. निळ्यावर लाल चढला की काळपट होतो. असे तीन रंग: पिवळट, लाल, काळपट. चौथा दिसला तर तिथेच थांब.

चूक होते ती बहुधा बांधताना. गाठ सैल राहिली की नीळ आत शिरते आणि शिरलेली नीळ निघत नाही. लालातली गळती पुढच्या लालात लपते, निळीतली कधीच लपत नाही. म्हणून कुणी बांधत असेल तर तिच्या हाताकडे बघ, बोलण्यात गुंतवू नकोस. एका गाठीत किती धागे धरले ते मोजण्यात चूक झाली की ती विणतानाच कळते, आणि तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं. एका कापडाला दोन ते पाच वर्षं सांगतात ती अशी जातात. प्रत्यक्ष विणणं त्यातला लहान हिस्सा.

माग कमरेचा आहे. विणणारी जमिनीवर बसते, पाठीमागच्या पट्ट्याने ताण धरते. पुढे झुकली की ताणा सैल, मागे रेलली की घट्ट. ताणा गोल आणि अखंड, त्यामुळे कापड नळीसारखं बनतं आणि शेवटी न विणलेला पट्टा उरतो. तो कापला की मोकळ्या धाग्यांच्या दशा होतात. काही विधींना न कापलेलंच कापड लागतं.

यातली खरी अडचण समजून घे, कारण पुस्तकात ती एका ओळीत उरकतात. दुहेरी इकत म्हणजे ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगवलेलं कापड. त्यात ताण्यावर नक्षी आधीच मापून बसलेली असते. बाण्यावरची नक्षी मात्र फेऱ्यांत मोजलेली असते. समज, एका चांदणीला बाण्याच्या 60 फेऱ्या बांधल्या आणि ताण्यावर तीच चांदणी 10 सेंटिमीटरची आहे. जोरात ठोकून त्या 60 फेऱ्या 8 सेंटिमीटरात बसवल्या तर चांदणी चेपते, आणि पुढची दोन सेंटिमीटर लालावर पिवळं पडत जातं. एकदा हुकलं की प्रत्येक चांदणीला चूक वाढत जाते. म्हणून ठोका हलका ठेवतात, आणि दर काही फेऱ्यांनी ताण सोडून टोकदार हाडाने एकेक धागा सरकवून जुळवतात. गेरिंगसिंगचा पोत विरळ, जाळीदार दिसतो तो यामुळे. दुकानात कुणी ‘घट्ट विणीचं उत्तम गेरिंगसिंग’ म्हणून दाखवलं तर आधी शंका घे.

पारखायला तीन गोष्टी पुरतात. एक, कापड उलट. दोन्ही बाजू सारख्याच गडद असल्या पाहिजेत. छापील असेल तर मागची बाजू फिकी. दोन, दशांजवळचा एक उभा आणि काठाजवळचा एक आडवा धागा भिंगाखाली धर. दोघांचाही रंग लांबीवर बदलत गेला पाहिजे. एकच बदलत असेल तर ते एकेरी इकत, स्वस्तात मिळणारं. तीन, लाल ताणा आणि लाल बाणा जिथे भेटतात ती जागा शुद्ध लाल आणि कडेला अर्धवट मिश्र छटा दिसली पाहिजे. कडा किंचित फिसकारलेली असणारच. धार कापल्यासारखी असेल तर हाताचं काम नव्हे.

नक्ष्यांची नावं विचारून लिहून घे. लुबेंग ही मोठी चार टोकांची चांदणी आणि विंचवासारखी आकृती, वायांग केबोमध्ये जावातल्या मंदिरांवर दिसतात तशा माणसांच्या आकृत्या. चेम्प्लोंग आणि सानान एम्पेग याही मागून बघ. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. उरलेल्या बालीतही कानशीने दात घासून सारखे करण्याच्या संस्काराला उशीवर हे कापड घालतात, इतका त्याच्यावर विश्वास.

गाइड सांगेल की दुहेरी इकत जगात फक्त तीन ठिकाणी होतं: गुजरातमधलं पाटण, जपान आणि तेंगानान. वाद घालू नकोस, पण तेलंगणातल्या पुट्टपाकाचा तेलिया रुमाल विसरू नकोस. तोही सुती आणि दुहेरी. सूत तेलात आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेच्या पाण्यात मुरवतात. तेंगानानचा जवळचा नातलग मला रेशमी पाटोळ्यापेक्षा हाच वाटतो. पाटोळा डचांच्या जहाजांतून या बेटांवर पुष्कळ गेला आणि नक्ष्यांवर त्याची छाप पडली असं अभ्यासक मानतात, ते खरंच असेल. रंगाची रीत मात्र तेलाची आहे. आणि पाटोळा विणणाऱ्या पाटणच्या साळव्यांची आख्यायिका म्हणते की राजा कुमारपालाने बाराव्या शतकात 700 कुटुंबं आपल्या जालन्याहून नेली. तेंगानानमध्ये कुणी विचारलंच तर हे सांगायला हरकत नाही, आख्यायिका म्हणून.

बाकीचं थोडक्यात. ताडपत्रावर सुरीच्या टोकाने कोरून चित्रं काढतात आणि वरून जाळलेल्या केमिरीची काजळी चोळतात, म्हणजे रेघा काळ्या होतात. पुन्हा तेच झाड. ‘आता’ नावाच्या वेलीच्या टोपल्या उन्हात वाळवून नारळाच्या सोडणांवर धुरी देतात. धुराचा वास नसलेली घेऊ नकोस, पावसाळ्यात बुरशी येते. जूनच्या सुमारास त्यांच्या पाचव्या महिन्यात उसाबा सांबाह हा उत्सव असतो. तरुण मुलं काटेरी केवड्याच्या जुड्या आणि वेताच्या ढाली घेऊन इंद्रासाठी लढतात, मग ओरखड्यांवर हळद आणि कुलिंजनाचा लेप लावतात. कुमारिकांना लाकडी पाळण्यात फिरवतात. तुझ्या तारखा त्यात बसल्या तर ते दोन दिवस मागावर काम बघायला मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

कमरेला सारोंग आणि पट्टा हवा. पाळीच्या दिवसांत देवळात जायचं नाही हा तिथला नियम आहे, पटो न पटो, पाळ. माग चालू असताना कापडाला हात लावण्याआधी विचार. अरुंद पट्टीची किंमतसुद्धा लाखो इंडोनेशियन रुपियांत असते. फार घासाघीस नको. घेतलंस तर घडी न घालता नळकांडीवर गुंडाळ, इस्त्री नाही, साबण नाही, सावलीत वारा दे.

जाताना माझ्या कपाटातल्या तेलियाच्या दशांचा तुकडा सोबत ने. वरच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेला आहे. तिथल्या एखाद्या विणकर बाईला हुंगायला दे, आणि त्यांच्या भिजवलेल्या सुताचा वास तू घे. दोन्ही वास सारखे आहेत का, ते मला कळव.

तुझी,
आई