भाजी स्वस्त हवी, तर आधी जागेची हमी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या सामूहिक शेतीबद्दल अलीकडे पुष्कळ आणि चांगलं छापून येतं, याचा मला मनापासून आनंद आहे. निवृत्तीनंतर मी अशाच एका शेताचे हिशेब ठेवते. शेजारपाजारच्या लोकांनी मिळून पडीक जागेवर उभं केलेलं हे शेत. त्या हिशेबाच्या वहीवरून एक गोष्ट मला पक्की कळली आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

नवा माणूस आला की पहिल्यांदा विचारतो, तुमची भाजी स्वस्त कशी? मी त्याला वही उघडून रिकामे रकाने दाखवते. वाहतूक, बारदान, शीतगृह, दलाली आणि घट. यातली घट लोकांच्या लक्षातच येत नाही. पालेभाजी खुडल्या क्षणापासून सुकायला लागते. लांबून आलेल्या मालातला काही हिस्सा वाटेत पिवळा पडतो, सडतो, फेकला जातो, आणि फेकलेल्याची किंमत उरलेल्या जुड्यांवर चढते. आमच्याकडे सकाळी खुडलेली भाजी दुपारच्या आत शेजारच्या स्वयंपाकघरात गेलेली असते. ताजी असल्यामुळे तिच्यातलं क जीवनसत्त्वही टिकून असतं, कारण पानांतलं हे सत्त्व साठवणुकीत फार लवकर कमी होतं. म्हणूनच आम्ही पालेभाज्या आणि लवकर नासणाऱ्या फळभाज्याच लावतो. महिनोन्महिने टिकणारा माल लांबून आला तरी परवडतो, त्यासाठी इथली जागा का अडवायची? आणि धान्य तर शहराला बाहेरूनच आणावं लागणार. शहर आपलं सगळं अन्न स्वतः पिकवेल, असं सांगणाऱ्यांनी या शेतांवर नको ते ओझं टाकलं आहे.

आणखी एक. आमच्याकडे मूठभर भाजी मिळते. एकट्या राहणाऱ्या एक आजी येतात, त्यांना अख्खी जुडी संपत नाही. रात्रपाळी करून परतणारा एक तरुण येतो, त्याच्या खोलीवर फ्रिज नाही. या दोघांना जुडीचा भाव उतरून फारसा उपयोग नाही. आज लागेल तेवढंच आज घेता येतं, हीच त्यांची बचत. ज्यांना पैसे देणं जड जातं ते निंदणी-खुरपणीला हातभार लावतात आणि तेवढी भाजी घेऊन जातात. तीही नोंद वहीत असते, इतरांच्या नोंदींसारखीच.

आता भरलेले रकाने. बियाणं, पाणी, खत, माती परीक्षण, थोडी मजुरी. माती परीक्षणावर मी कधीही काटकसर करू देत नाही. शहरातल्या जमिनीत जुन्या रंगांतलं आणि पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं उरलेलं असू शकतं. शंका आली, तर बाहेरून चांगली माती आणून उंच वाफे करावे लागतात. हा खर्च एकदम अंगावर येतो आणि त्याचं फळ पुढे कित्येक हंगाम मिळतं.

इथेच सगळं अडतं. जागेची मुदत आम्हाला वर्षावर्षाने वाढवून मिळते. एका वर्षाच्या भरवशावर कोण उंच वाफे बांधेल, पाण्याची टाकी बसवेल? माती कंपोस्ट खाऊन भुसभुशीत व्हायलाच काही वर्षं जातात. फळझाड तर लावायचा विचारही करता येत नाही. आणि उद्या जागेला बाजारभावाने भाडं लागलं, तर आमची भाजी आजींना परवडणार नाही, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

ही भीती मनातली नाही. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात १४ एकरांवर साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं भाजी पिकवत होती. १९९२च्या दंगलीनंतर तिथे शेती सुरू झाली. २००३ साली शहराने ती जमीन पूर्वीच्या मालकाला विकली आणि जून २००६मध्ये पोलीस बंदोबस्तात शेतावर बुलडोझर फिरला. न्यू यॉर्कमध्ये १९९९ साली शंभराहून अधिक सामूहिक बागांच्या जमिनी लिलावात निघाल्या होत्या. दोन संस्थांनी ऐन वेळी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. त्याच शहरातल्या अभ्यासात असंही आढळलं, की अशी बाग झाली की आसपासच्या घरांच्या किमती चढतात आणि गरीब वस्त्यांत त्या जास्त चढतात. म्हणजे लोकांनी घाम गाळून उकिरड्याचं शेत करायचं आणि त्यामुळेच ती जागा विकायच्या लायकीची ठरायची! हा अन्याय वाटतो मला.

दुसरा रस्ता आहे, आणि तो चालून झालेला आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला इंधन आणि रासायनिक खत मिळेनासं झालं, तेव्हा हवानातल्या मोकळ्या जमिनी मालकी सरकारकडे ठेवून लोकांना कसायला दिल्या गेल्या. नापीक जागांवर कंपोस्ट भरलेले वाफे उभे राहिले आणि भाजी शेताच्या फाटकावरच विकली जाऊ लागली. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराने २००१च्या आर्थिक संकटानंतर पडीक जागा हुडकून लोकांना शेतीसाठी दिल्या, प्रशिक्षण दिलं आणि विक्रीसाठी बाजारही दिले. त्या कामाला २०२१ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा शहरांसाठीचा पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये तर १९०८च्या कायद्यापासून रहिवाशांनी मागणी केल्यास लागवडीला जमिनीचे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक प्रशासनाचं कर्तव्यच आहे. तिथला माल मुख्यतः घरापुरता असतो हे खरं, पण मागण्याचा हक्क कायद्यात आहे, ही गोष्ट लहान नाही.

म्हणून माझं मागणं असं. सार्वजनिक जागेवरच्या सामूहिक शेतांना निदान दहा वर्षांचा भाडेपट्टा नाममात्र भाड्याने मिळावा. जागा परत हवी असेल, तर उभं पीक निघेपर्यंत थांबावं आणि त्याच वस्तीत पर्यायी जागा द्यावी. आणि सवलत मिळते आहे, तर आमच्यावरही बंधन असावं. मालावर पहिला हक्क शेजाऱ्यांचा, हे करारातच लिहा. मोठी उपाहारगृहं चढा भाव देतात, तो मोह कोणत्याही शेताला पडू शकतो. तसं झालं, तर सार्वजनिक जमिनीवर पिकलेली भाजी कुंपणाला लागून राहणाऱ्यांनाच मिळणार नाही. हे कलम आमच्या करारात आलं, तर त्यावर सही करायला आमच्यापैकी एकाचीही हरकत असणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस